तात्यांचा अंगठा

बस. चहा मिळेल, पण नंतर. आधी ऐकून घे, आणि मध्ये मध्ये ‘हो बाई, बरोबर बाई’ करू नकोस. वर्गातही तू अशीच मान हलवायचास आणि उत्तरपत्रिकेत पायऱ्या गाळायचास. उत्तर बरोबर, पायऱ्या नाहीत. मी मार्क कापायचे आणि तू रुसायचास.

तात्या वाचले ते रात्रपाळीच्या डॉक्टरांमुळे. तुझ्यामुळे नाही. कडू लागत असेल तर लागू दे. त्या रात्री दीड वाजता तुझी आई माझ्या दारात अनवाणी उभी होती. तिच्याबरोबर मी दवाखान्यात गेले आणि उजाडेपर्यंत बाकावर बसले. तिथं जे घडलं ते तुला कुणी धड सांगितलेलं नाही. तू पुण्याहून पहाटे पोचलास, तोवर वेळ निभावली होती. म्हणून आज मी सांगते.

डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? रक्त पातळ करायची गोळी घेतात का? तुझी आई म्हणाली, ‘एक पांढरी बारकी सकाळी, एक गुलाबी रात्री.’ चिठ्ठी कुठाय? फोनमध्ये. मे महिन्यात येऊन सगळे कागद तूच फोनमध्ये भरून दिलेस आणि फायली माळ्यावर टाकायला लावल्यास. विम्याचं कार्ड फोनमध्ये, मागचे रिपोर्ट फोनमध्ये, पैसेही फोनमध्ये. आणि फोनची बॅटरी उतरून तो बंद पडलेला. दवाखान्याच्या खिडकीपाशी चार्जिंगला लावला. सुरू झाला आणि पिन मागायला लागला.

पिन कुणाला ठाऊक? आईला नाही. तात्या गुंगीत, आणि शुद्धीवर असते तरी त्यांना तो सांगता आला नसता. ‘तात्या, नुसता अंगठा लावायचा, बाकी काही लक्षात ठेवायचं नाही,’ हे तुझे शब्द आहेत. तुला फोन लावला. तू म्हणालास १२३४ बघा. मग तात्यांचं जन्मसाल बघा, मग तुझ्या लग्नाचं वर्ष. पाचव्यांदा चुकल्यावर फोननं तीस सेकंद थांबायला सांगितलं. तेवढ्यात नर्स दोनदा येऊन विचारून गेली, ‘गोळीचं नाव मिळालं का?’

मग तुझ्या चुलतभावानं काय केलं ते ऐक. त्यानं तात्यांचा उजवा हात उचलला. सलाइनची सुई त्याच हाताला होती. रुमाल ओला करून त्यानं अंगठा पुसला, फोन खाली धरला आणि तो अंगठा फोनवर दाबला. एकदा, दोनदा, तीनदा. तात्यांचा हात पिठाच्या गोळ्यासारखा सैल. मला ते बघवलं नाही. मी तोंड फिरवलं.

फोन उघडला नाही, आणि उघडणारही नव्हता. बंद पडून पुन्हा सुरू झालेला फोन पहिल्यांदा पिनच मागतो. पिन टाकल्याशिवाय आतल्या माहितीचं कुलूप निघत नाही, बोट त्यानंतर चालतं. त्या पोराला हे माहीत नव्हतं, त्याला मी दोष देत नाही. पण तू? धावत आलास आणि पहिलं काय केलंस? स्वतःचा अंगठा लावलास. कंपनीत वीस माणसं हाताखाली आहेत तुझ्या, आणि ज्या वस्तूत तू बापाचं औषध, पैसा आणि कागद कोंबलेस, ती वस्तू उघडते कशी हे तुला ठाऊक नव्हतं.

गोळीचं नाव शेवटी औषधाच्या दुकानदारानं सांगितलं. त्याला झोपेतून उठवलं आणि त्यानं जुनी बिलं चाळली. अनामत रक्कम मी माझ्या कपाटातून आणली. फोन उघडला सकाळी दहाला. कुणी उघडला, विचारलंस? कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं. फोन घेतला त्या दिवशी पिन त्यानंच ठेवून दिला होता आणि तू तिथंच उभा राहून दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत होतास. अँड्रॉइड फोन नुसत्या बोटाच्या भरवशावर फार दिवस चालत नाही. बहात्तर तासांत एकदा तरी तो पिन मागतो. तसा मागितला की तात्या काठी टेकत त्या दुकानात जायचे आणि ते पोर पिन टाकून द्यायचं. तुझ्या वडिलांच्या बँकेच्या दाराची किल्ली त्या पोराला तोंडपाठ आहे. पोर गुणी आहे म्हणून निभावलं. पण ते गुणी आहे की नाही, याची चौकशी तू कधी केली होतीस?

आता मी तोंड का फिरवलं ते सांगते. तुझी आजी माझ्या पहिल्या प्रौढ वर्गात होती. १९७८ च्या दोन ऑक्टोबरला देशभर प्रौढशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या पुढच्या वर्षी मी देवळाच्या ओवरीत कंदील लावून बायकांना शिकवायला लागले. मी नुकती नोकरीला लागलेली पोर, आणि तुझी आजी पंचेचाळिशीची. तिला बाराखडी नको होती. म्हणाली, ‘बाई, मला फकस्त सही शिकवा.’ का, म्हणून विचारलं तर सांगितलं, थोरल्या दिरानं कोऱ्या कागदावर अंगठा घेतला होता, ओढ्याकाठची पट्टी गेली. आणि तिच्या सासऱ्यांचा अंगठा तर शेवटच्या घटकेला हात उचलून उठवला होता. ती खोलीतच होती. शाई पुसायला कुणी थांबलं नाही, काळ्या अंगठ्यानंच ते गेले. तीन महिने पाटीवर गिरवून ती सही शिकली. सोसायटीत पहिल्यांदा सही केली तेव्हा कारकुनानं सवयीनं शाईची गादी पुढं सरकवली होती. तिनं ती एका बोटानं बाजूला सारली.

त्या बाईच्या पोराचा हात त्या रात्री तसाच उचलला गेला. मतलब चांगला होता, ठाऊक आहे मला. पण अंगठ्याला मतलब कळत नाही. झोपलेल्याचा, दारू प्यायलेल्याचा, बेशुद्ध माणसाचा, कुणाचाही अंगठा उचलून दाबता येतो. पिन मात्र माणसानं सांगावा लागतो. सांगायचा की नाही, हे ठरवायला त्याला शुद्ध लागते आणि अधिकार लागतो. तू तात्यांकडून तो अधिकार काढून घेतलास, आणि त्याला सोय म्हणालास.

‘तात्यांचे ठसे उमटत नाहीत म्हणून मी माझं बोट घातलं,’ असं म्हणालास. उमटत नाहीत हे खरं आहे. चाळीस वर्षं उसात आणि गुऱ्हाळात घालवलेल्या माणसाच्या बोटांवर रेघा राहतील कुठून? रेशनच्या दुकानात त्यांना पाच-पाच वेळा अंगठा घासावा लागतो, बघितलंय मी. पण म्हणून तू काय केलंस? त्यांच्या फोनमध्ये चार बोटं आहेत. मी स्वतः त्या पोराकडून यादी उघडून घेतली. एक तात्यांचा अंगठा, दोन तुझी, एक तुझ्या पुतण्याचं. तो आठवीत आहे रे!

बँकेच्या ॲपला बोट कुणाचं ते कळत नाही. फोन त्याला एवढंच सांगतो की नोंदवलेल्या बोटांपैकी एक जुळलं. पुतण्यानं बोट लावलं तरी बँकेच्या लेखी ते तात्यांनीच लावलं. उद्या खात्यातून काही गेलं तर तात्या कुणाकडे तोंड करून ‘मी नाही’ म्हणणार? १८५८ साली बंगालात विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याच्या मालाच्या करारावर एका ठेकेदाराच्या हाताचा पंजा उमटवून घेतला. कशासाठी? पुढं त्याला ‘ही सही माझी नाही’ असं म्हणता येऊ नये म्हणून. ठसा हा तेव्हापासून नाकबुली बंद करण्यासाठी घेतला जातो, आणि तू बापाच्या फोनमध्ये तीन परकी बोटं घालून ठेवलीस. बरी बनवलेली बँकेची ॲपं नवं बोट घातल्यावर बोटानं उघडणं बंद करतात आणि पुन्हा पिन मागतात. तेव्हाही तू तो सूचनेचा चौकोन न वाचता ‘ठीक आहे’वर टिचकी मारली असशील. मारलीस की नाही? बघ, गप्प बसलास.

गणित शिकवलं आहे मी तुला, तेव्हा गणितच कर. ॲपलनं बोटाच्या कुलपाबद्दल सांगितलेला आकडा असा आहे: एक बोट नोंदवलं असेल तर परक्या माणसाचं बोट चुकून जुळण्याची शक्यता पन्नास हजारांत एक. पाच बोटं नोंदवलीस तर? दहा हजारांत एक, ढोबळमानानं. चार आकडी पिन किती प्रकारे लिहिता येतो? दहा हजार. म्हणजे पाच बोटं घालून तू त्या भारी कुलपाला चार आकडी पिनच्या पायरीवर आणून बसवतोस. सहावीचं पोर हे सोडवेल.

आणि तुझ्या मागच्या भेटीत तू मला काय म्हणालास? ‘बाई, माझं बोट गूगलकडे एकदा गेलं की मग फोन, लॅपटॉप, टॅब सगळं त्यावरच चालतं.’ मी त्या दिवशी काही बोलले नाही, कारण मला वाटलं तू थट्टा करतोयस. नाही रे. तुला खरंच तसं वाटत होतं.

नीट ऐक. बोट गूगलकडे जात नाही. ज्या यंत्रावर तू बोट नोंदवतोस, त्याच यंत्रातल्या एका वेगळ्या, बंदिस्त कप्प्यात त्या ठशाची आकड्यांतली खूण राहते. प्रत्येक यंत्राला वेगळी नोंद, म्हणून तर लॅपटॉपवर पुन्हा बोट मागतात. बोट जुळलं की यंत्र आतली एक गुप्त किल्ली वापरतं आणि तिनं केलेली सही पलीकडच्या सेवेला पाठवतं. पलीकडे असते त्या किल्लीची जोडीदार, उघडी किल्ली. तिच्यावरून सही खरी की खोटी ते तपासता येतं, पण तिच्यावरून गुप्त किल्ली काढता येत नाही. अशा जोडीची कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडली. २०२२ च्या मे महिन्यात ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून जाहीर केलं की पासवर्डच्या जागी हीच पद्धत आणू. ‘पासकी’ म्हणतात ती हीच. पद्धत चांगली आहे. खोट्या साइटवर पासवर्ड लिहून माणूस फसतो, तसं इथं होत नाही, कारण किल्ली ज्या साइटसाठी बनली तिथंच चालते. मी स्वतः वापरते. मी बोटाच्या विरुद्ध आहे असं गावभर सांगत फिरू नकोस.

पण यातली गाळलेली पायरी कोणती? बोट जागचं हलत नसलं तरी किल्ल्या हलतात. पासकी तुझ्या खात्यामार्फत एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात. तुझं एकच खातं किती यंत्रांवर उघडं आहे, मोज. तुझा फोन, कंपनीचा फोन, दोन लॅपटॉप, आणि तो जुना टॅब. टॅब आता कुणाकडे आहे? पुतण्याकडे, कार्टून बघायला. त्याच्यावर तुझं खातं अजून चालू आहे, आणि त्याचा पिन आहे चार शून्य. मी पाहिलंय ते पोर पिन टाकताना, मोठ्यानं म्हणत टाकतं. वाड्याला सागवानी दरवाजा, पितळी कडी, आणि परसाकडची खिडकी सुतळीनं बांधलेली! बोटाच्या मागं नेहमी एक पिन असतो. बोट ओलं असलं, चिरलं, जुळलं नाही, की यंत्र पिनवर येतं. ज्याला पिन माहीत झाला, तो आपलं बोटही आत घालू शकतो. रेल्वेत, हॉटेलात मागून पिन बघायचा आणि मग फोन पळवायचा, असे चोर निघाले. त्यांच्यामुळे ॲपलला २०२४ च्या जानेवारीत आयफोनमध्ये वेगळं संरक्षण घालावं लागलं. ते चालू केलंस का तुझ्या फोनमध्ये? बघ आत्ता. नाही ना?

हे झालं यंत्रात राहणाऱ्या बोटाचं. बाहेर जाणाऱ्या बोटाचं तर तू कधी मनातही आणलेलं नाहीस. सोसायटीच्या गेटवर बोट, व्यायामशाळेत बोट, हजेरीला बोट. तिथं ठसा तुझ्या खिशात राहत नाही, त्यांच्याकडे राहतो. कुणाच्या संगणकात, किती वर्षं, तू सोडून गेल्यावर पुसतात की नाही, हे एकदा तरी विचारलंस? २०१५ साली अमेरिकेच्या सरकारी कर्मचाऱ्यांची दप्तरं सांभाळणाऱ्या कार्यालयातून छप्पन्न लाख माणसांचे ठसे चोरीला गेले. अमेरिकेच्या सरकारला जे सांभाळता आलं नाही, ते तुझा जिमवाला सांभाळणार? पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. त्या छप्पन्न लाखांनी बोटं कुठून बदलायची? आणि ठसा चोरायला कार्यालय फोडावंच लागतं असंही नाही. २०१४ साली जर्मनीतल्या एका हॅकरनं तिथल्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांच्या अंगठ्याचा ठसा जाहीर कार्यक्रमातल्या फोटोंवरून बनवून दाखवला.

लांब कशाला जा? आधारसाठी आपण सगळ्यांनी दहा बोटं दिली आहेत. पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला, २०१० च्या २९ सप्टेंबरला दिला गेला. गावोगाव छोटी यंत्रं घेऊन बसणारी मंडळी आधारवर पैसे काढून देतात. त्याला लागतं काय? बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि अंगठा. पिन नाही, ओटीपी नाही. ज्या म्हातारीला बँकेपर्यंत चालवत नाही, तिला त्याचा फार आधार आहे, हे मला मान्य आहे. पण जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, सिलिकॉनचे अंगठे पाडून लोकांची खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात ठिकठिकाणी नोंदले गेलेत. तात्यांनी आयुष्यात किती दस्तांवर अंगठा दिला असेल, तुला ठाऊक आहे? आजी सही शिकली, पण तात्यांना सही येत असूनही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा द्यावाच लागतो.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं. आधारच्या साइटवर किंवा ॲपवर, फुकट. लॉक असताना कुणी ठसा लावला तर व्यवहार होत नाही, ३३० क्रमांकाची चूक दाखवतं. रेशनला जायचं त्या दिवशी उघडायचं, काम झालं की पुन्हा बंद. त्यासाठी तात्यांचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. जोडलेला आहे का? कुठला जोडलाय? तुझा. आणि तू बसलास पुण्यात मीटिंगमध्ये, म्हणजे रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बापानं ओटीपीसाठी तुला फोन लावत बसायचं.

रडू नकोस. मी तुला रडवायला बोलावलेलं नाही. तुझं बापावर प्रेम आहे यात मला कधी शंका नव्हती. तू त्यांना सुखात ठेवायला बघतोस, पण त्यांना काही कळणारच नाही असं आधीच धरून चालतोस. त्या माणसानं गुळाच्या काहिलीतला पाक बोटात धरून तार ओळखली आहे. सहा आकडे त्याच्या लक्षात राहणार नाहीत, हे तू कशावरून ठरवलंस?

येत्या रविवारी ये. सगळी यंत्रं घेऊन ये, तो टॅबसुद्धा. प्रत्येकावर कुठलं खातं उघडं आहे आणि कुणाकुणाची बोटं आहेत, ते वहीत लिहून आण. मोबाइलमध्ये नको, वहीत. तात्यांच्या फोनमधली तुझी आणि पुतण्याची बोटं माझ्यासमोर काढायची. पिन नवा ठेवायचा, सहा आकडी, आणि तो तात्या ठरवतील. ते टाकत असताना तू खिडकीकडे तोंड करून उभा राहशील. त्यांना वाटलं तर ते तुझ्या आईला सांगतील, वाटलं तर कागदावर लिहून कपाटात ठेवतील, तो त्यांचा प्रश्न. त्यांना तो तीनदा टाकायला लाव, आणि चुकले तर लगेच हात पुढं करू नकोस. फोन न उघडता दिसणारी आपत्कालीन माहिती भरायची जागा असते, तिथं गोळ्यांची नावं आणि रक्तगट तू भर. आणि माळ्यावरच्या फायली खाली काढ. औषधांची चिठ्ठी देवघराच्या भिंतीला अडकवायची आहे. खिळा मी आईकडे देऊन ठेवलाय.

दवाखान्याची पावती त्या डब्यात आहे, जाताना घेऊन जा, विम्याला लागेल. पैशांची मला घाई नाही. चहा टाकते आता. तात्यांना बिनसाखरेचा सांगितलाय डॉक्टरांनी, तो तू नेऊन दे.